आवश्यकता लिहिण्याआधी आखून पाहा: सॉफ्टवेअरसाठी साध्या आकृत्यांचा वापर

"ग्राहकाने उपकरण जमा केले की तपासणी करून त्याला खर्चाचा अंदाज कळवायचा, मंजुरी आली की दुरुस्ती करायची आणि उपकरण परत द्यायचे." एखाद्या दुरुस्ती केंद्रासाठी सॉफ्टवेअर बनवायला घेतले, की पहिल्याच बैठकीत अशा स्वरूपाचे वाक्य मिळते. ते ऐकायला पूर्ण वाटते, त्यात काही चूक दिसत नाही आणि सगळे जण मान डोलावतात. मात्र ग्राहकाने मंजुरी नाकारली तर काय करायचे, त्याने उत्तरच दिले नाही तर किती दिवस थांबायचे, दुरुस्ती करताना दुसरा दोष सापडला तर त्याला पुन्हा विचारायचे का, आणि तयार झालेले उपकरण न्यायला कोणी आलेच नाही तर पुढे काय, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या वाक्यात नाही. बोलणारा माणूस नेहमीची, सरळ पार पडणारी वाट सांगतो आणि आडवाटा त्याच्या इतक्या सवयीच्या असतात की त्या सांगायच्या राहून जातात. तेच काम कागदावर चौकटी आणि बाणांनी आखले, की ज्या चौकटीतून बाहेर पडणारा बाण नाही ती चौकट लगेच डोळ्यांत भरते.

आवश्यकता, म्हणजे कार्यालयातल्या भाषेत रिक्वायरमेंट, गोळा करताना आकृत्या काढण्याचे माझ्या मते हेच मुख्य प्रयोजन आहे. आकृती काढून झाल्यावर एकही नवा प्रश्न निर्माण झाला नाही, तर एक तर तो भाग आधीच पक्का ठाऊक होता किंवा आपण चुकीच्या प्रकारची आकृती निवडली, असे समजावे. पुढील पायऱ्या नव्याने बिझनेस अ‍ॅनालिस्टचे काम सुरू करणाऱ्यांसाठी आणि स्वतःच ग्राहकाशी बोलून कोड लिहिणाऱ्या डेव्हलपरांसाठी आहेत. दुरुस्ती केंद्राचे वरील उदाहरणच शेवटपर्यंत वापरले आहे, कारण एकाच कामाकडे वेगवेगळ्या आकृत्यांतून पाहिल्याशिवाय त्यांच्यातला फरक नीट कळत नाही.

पायरी १: प्रश्न आणि वाचक ठरवा

कोरा कागद समोर घेतल्यावर सर्वांत वर दोन ओळी लिहाव्यात: ही आकृती कोणत्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आहे, आणि ती कोण वाचणार आहे. "जॉब, म्हणजे दुरुस्तीसाठी नोंदवलेले एक काम, कोणकोणत्या अवस्थांतून जातो?" हा प्रश्न आहे. "सिस्टीमची आकृती" हा प्रश्न नाही, आणि त्या नावाखाली काढलेल्या चित्रात स्क्रीन, डेटाबेस, माणसे आणि विभाग असे सगळे एकमेकांत मिसळून जाते. वाचक काउंटरवर बसणारी व्यक्ती असेल, तर चिन्हे चार-पाचच ठेवावीत आणि चौकटींतले शब्द तिच्याच तोंडचे असावेत.

नव्याने शिकणाऱ्यांना येथे एक धास्ती वाटते, की आधी सगळी चिन्हे शिकल्याशिवाय आकृती काढताच येणार नाही. यूएमएल ही चिन्हपद्धती ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुप या संस्थेने १९९७ मध्ये मानक म्हणून स्वीकारली आणि तिच्या २.५ या आवृत्तीत आकृत्यांचे १४ प्रकार आहेत. व्यवसायप्रक्रियांसाठीची बीपीएमएन २.० ही पद्धती २०११ मध्ये आली आणि तिच्यातही चिन्हांचा मोठा संच आहे. आवश्यकता समजून घेण्याच्या टप्प्यावर यांतला अगदी थोडा भाग पुरतो. चौकट, बाण, निर्णय दाखवणारी हिऱ्याच्या आकाराची चौकट आणि प्रत्येक बाणावर लिहिलेला नेमका शब्द, एवढ्या सामग्रीवर बहुतेक चर्चा पार पडतात. चिन्ह किंचित चुकले तर फारसे बिघडत नाही, परंतु बाणावर काहीच लिहिले नसेल तर पुढे प्रत्येक जण त्याचा वेगळा अर्थ लावतो.

साधन म्हणून कागद, पेन्सिल आणि व्हाइटबोर्ड यांपासून सुरुवात करावी. संगणकावर नीटनेटकी काढलेली आकृती समोर ठेवली, की लोक तिला अंतिम समजतात आणि तिच्यावर रेघ मारायला संकोचतात. हाताने काढलेल्या, थोड्या वाकड्या आकृतीवर मात्र ते सहज बोट ठेवतात आणि "असे होत नाही" असे म्हणतात, आणि पहिल्या काही बैठकांतून आपल्याला नेमके तेच हवे असते.

पायरी २: सिस्टीमची सीमा आखा

पहिली आकृती कॉन्टेक्स्ट डायग्रामची, म्हणजे सिस्टीमची सीमा दाखवणारी असावी. १९७० च्या दशकात स्ट्रक्चर्ड अ‍ॅनालिसिस या पद्धतीतून रुजलेली ही आकृती सर्वांत सोपी आहे. मधोमध एकच वर्तुळ काढायचे आणि त्यात आपल्या सिस्टीमचे नाव लिहायचे. भोवती तिच्याशी देवाणघेवाण करणारी माणसे, विभाग आणि इतर सॉफ्टवेअर चौकटींत मांडायची, आणि त्यांना वर्तुळाशी जोडणाऱ्या प्रत्येक बाणावर त्या वाटेने जाणाऱ्या माहितीचे नाव लिहायचे. हे नाव नाम असावे, क्रियापद नसावे: "तपासतो" असे न लिहिता "तपासणी अहवाल" असे लिहावे. वर्तुळाच्या आत काहीही काढू नये. आत काय असेल हे ठरवण्याची वेळ अजून आलेली नसते.

आपल्या उदाहरणात वर्तुळाभोवती ग्राहक, काउंटरवरील कर्मचारी, तंत्रज्ञ, सुटे भाग पुरवणारा, पैसे स्वीकारणारी सेवा आणि एसएमएस पाठवणारी सेवा अशा चौकटी येतील. आता "मंजुरी" या शब्दाचा बाण कोणत्या चौकटीतून काढायचा, हे ठरवून पाहा. ग्राहक स्वतः मोबाइलवर आलेली लिंक उघडून मंजुरी देणार असेल, तर बाण ग्राहकापासून निघतो. ग्राहक फोन करून "चालेल" म्हणणार आणि कर्मचारी ते नोंदवणार असेल, तर बाण कर्मचाऱ्यापासून निघतो. एवढ्याशा फरकामुळे लिंकची सुरक्षितता, ती किती काळ चालू राहावी याची मुदत, फोनवरील मंजुरीचा पुरावा आणि पुढे वाद झाला तर जबाबदारी कोणाची, हे सगळे बदलते. बाण काढायला हात उचलला की हा प्रश्न टाळता येत नाही, आणि नुसत्या वाक्यात तो "मंजुरी आली की" या तीन शब्दांत दडून बसतो.

सुट्या भागांचा साठा वर्तुळाच्या आत आहे की बाहेर, यावर या टप्प्यात हमखास मतभेद होतो. तो मिटवण्याची घाई करू नये. दोन्ही पर्याय दोन कागदांवर आखावेत आणि निर्णय घेण्याचा अधिकार ज्यांच्याकडे आहे त्यांच्यासमोर ठेवावेत, कारण साठा आत घ्यायचा म्हणजे खरेदी, मोजणी आणि तूट यांचे कामही प्रकल्पात येते, हे चित्रात सर्वांना एकाच वेळी दिसते.

पायरी ३: कामाचा प्रवाह पट्ट्यांमध्ये मांडा

कामाचे टप्पे चिन्हांनी कागदावर मांडण्याची कल्पना संगणकाहून जुनी आहे. फ्रँक आणि लिलियन गिल्ब्रेथ यांनी १९२१ मध्ये अमेरिकेतील यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेपुढे आपले प्रोसेस चार्ट मांडले, तेव्हा कामातील अनावश्यक हालचाली आणि खोळंबे नजरेस आणणे हा त्यांचा हेतू होता. आपला हेतू फारसा वेगळा नाही. फरक एवढाच, की आपण प्रत्येक व्यक्तीसाठी किंवा विभागासाठी एक आडवी पट्टी आखतो आणि जे काम जो करतो ते त्याच्या पट्टीत ठेवतो. या पट्ट्यांना स्विमलेन म्हणतात.

सुरुवातीला आजचे काम जसे चालते तसेच काढावे आणि नवे सॉफ्टवेअर आल्यावर ते कसे चालावे ही आकृती स्वतंत्र ठेवावी. दोन्ही एकाच कागदावर मिसळल्या, तर कोणती चौकट आजची आणि कोणती उद्याची हे काही दिवसांतच कोणाला सांगता येत नाही. चौकटींतली नावे येथे क्रियापदाने संपवावीत: "दोष तपासतो", "अंदाज कळवतो", "पार्ट मागवतो". निर्णयाच्या हिऱ्यातून निघणाऱ्या प्रत्येक बाणावर उत्तर लिहिलेले असले पाहिजे. "होय" चा बाण असेल आणि "नाही" चा नसेल, तर आकृती तशीच सोडू नये. त्या जागी ठळक प्रश्नचिन्ह काढावे. ते पुढच्या बैठकीचे कामकाज आहे.

आकृती पूर्ण झाल्यावर एका पट्टीतून दुसऱ्या पट्टीत जाणारे बाण वेगळ्या रंगाने गिरवावेत. काम एका हातातून दुसऱ्या हातात जाते ती ही ठिकाणे, आणि गोंधळ बहुधा येथेच होतो. तंत्रज्ञाने तपासणी संपवली हे काउंटरला कसे कळते? तो उठून सांगायला जातो, की उपकरणावर चिठ्ठी चिकटवतो? तो सांगायला विसरला तर ग्राहकाचा फोन येईपर्यंत कोणाच्या लक्षातच येत नाही का? अशा प्रत्येक गिरवलेल्या बाणासाठी "निरोप कसा जातो, आणि तो गेला नाही तर कोणाला कळते?" हे दोन प्रश्न विचारावेत. सॉफ्टवेअरकडून लोकांना खरोखर काय हवे आहे, हे या दोन प्रश्नांच्या उत्तरांतून जेवढे कळते तेवढे "तुम्हाला कोणत्या सुविधा हव्यात?" असे थेट विचारून कळत नाही.

पायरी ४: शब्दांचे अर्थ आणि त्यांची नाती

आतापर्यंतच्या बोलण्यात ग्राहक, उपकरण, जॉब, अंदाज, पार्ट असे शब्द अनेकदा आले. ते सर्वांच्या मनात एकाच अर्थाने आहेत असे गृहीत धरू नये. पीटर चेन यांनी १९७६ मध्ये मांडलेले एंटिटी-रिलेशनशिप मॉडेल, म्हणजे ईआर आकृती, ही डेटाबेसच्या रचनेसाठी ओळखली जाते, पण आवश्यकतांच्या टप्प्यावर तिचा उपयोग शब्दांचे अर्थ पक्के करण्यासाठी करावा. प्रत्येक महत्त्वाच्या नामाची एक चौकट काढावी, प्रत्येक चौकटीखाली त्या शब्दाची एका वाक्यातली व्याख्या लिहावी आणि ज्यांचा संबंध आहे त्या चौकटी रेघेने जोडाव्यात. रेघेच्या टोकाला एक आडवी खूण म्हणजे "एक", तीन फाटे म्हणजे "अनेक" आणि छोटे वर्तुळ म्हणजे "नसेलही", एवढी चिन्हे पुरतात.

प्रत्येक रेघ दोन्ही दिशांनी मोठ्याने वाचावी. "एका उपकरणाचे अनेक जॉब असू शकतात", हे सहज मान्य होते, कारण तेच उपकरण पुन्हा बिघडते. उलट दिशेने वाचल्यावर, "एका जॉबमध्ये एकच उपकरण असते", असे म्हणताच कोणीतरी सांगते की ग्राहक लॅपटॉपबरोबर चार्जरही देतो, आणि कधी दोष चार्जरमध्येच निघतो. मग चार्जर हे वेगळे उपकरण मानायचे, की जॉब शीटवर नोंदवलेली जोडवस्तू? "एका जॉबचा एक अंदाज असतो", असे वाचल्यावर तंत्रज्ञ म्हणतो की उघडून पाहिल्यावर आणखी काही सापडले, तर सुधारित अंदाज पाठवावा लागतो. म्हणजे अंदाज अनेक आहेत आणि त्यांपैकी ग्राहकाने कोणता मंजूर केला हे जपून ठेवावे लागणार आहे. हे वेळेवर कळले नाही, तर जॉबच्या नोंदीत अंदाजासाठी एकच रकाना ठेवला जातो, दुसरा अंदाज पहिल्यावर लिहिला जातो आणि वाद झाल्यावर दाखवायला काही उरत नाही.

रकान्यांचे प्रकार, किल्ल्या, टेबलांची नावे असले तांत्रिक तपशील या आकृतीत आणू नयेत. ते आणताच काउंटरवरची व्यक्ती बोलायची थांबते आणि आपण तिचेच ज्ञान टिपायला बसलेलो असतो.

पायरी ५: एका वस्तूच्या अवस्थांचा माग काढा

सगळ्या प्रकारांतून एकच आकृती निवडायला सांगितली, तर मी अवस्थांची आकृती, म्हणजे स्टेट डायग्राम निवडेन. प्रवाहाची आकृती "कोण काय करतो" ते सांगते. अवस्थांची आकृती एकाच वस्तूकडे, येथे जॉबकडे, टक लावून पाहते आणि "आत्ता या क्षणी तो कोणत्या स्थितीत आहे, आणि तेथून कुठे जाऊ शकतो?" एवढेच विचारते. आज वापरात असलेल्या अनेक अवस्थाचित्रांची चिन्हे डेव्हिड हॅरेल यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या स्टेटचार्टवरून आली आहेत. त्यांतील एकात एक अवस्था वगैरे बारकावे नंतर शिकता येतील.

गोल कोपऱ्यांच्या चौकटीत अवस्थेचे नाव लिहावे आणि बाणावर ती अवस्था बदलणारी घटना लिहावी. अवस्था म्हणजे काही काळ टिकणारी स्थिती. "अंदाज पाठवणे" ही अवस्था नाही, ती घटना आहे, आणि तिच्यानंतर जॉब ज्या स्थितीत राहतो ती "मंजुरीच्या प्रतीक्षेत" ही अवस्था आहे. आपल्या जॉबसाठी जमा, तपासणी सुरू, मंजुरीच्या प्रतीक्षेत, पार्टच्या प्रतीक्षेत, दुरुस्ती सुरू, तयार आणि परत दिले अशा सात अवस्था प्रथम सुचतात.

यानंतर एक तक्ता करावा. डावीकडे सात अवस्था आणि वरच्या बाजूला घटना: काम हाती घेतले, अंदाज पाठवला, मंजुरी आली, नकार आला, पार्ट आला, दुरुस्ती संपली, उपकरण नेले, ग्राहकाने जॉब रद्द केला. सात गुणिले आठ, म्हणजे ५६ रकाने झाले. प्रत्येक रकान्यात पुढची अवस्था, "शक्य नाही" किंवा प्रश्नचिन्ह यांपैकी एक लिहायचेच. बहुतेक रकान्यांत "शक्य नाही" येते आणि काम भराभर पुढे सरकते. थोडेच रकाने अडतात, आणि तेथे थांबण्यासाठीच हा खटाटोप आहे. "दुरुस्ती सुरू" आणि "रद्द केला" या रकान्यात उपकरण टेबलावर उघडे पडलेले आहे आणि नवा पार्ट बसवून झालेला आहे. तो काढायचा का? काढता येतो का? त्याचे पैसे कोण देणार? "पार्टच्या प्रतीक्षेत" आणि "रद्द केला" या रकान्यात पुरवठादाराला दिलेल्या ऑर्डरचे काय, हा प्रश्न उभा राहतो. हे निर्णय डेव्हलपरने कोड लिहिताना एकट्याने घेऊ नयेत, आणि आधी विचारले नाही तर ते त्यालाच घ्यावे लागतात.

अशाच एका कामात मी काढलेल्या आकृतीत "नकार आला" या घटनेचा बाण सरळ "तयार" या अवस्थेकडे गेला होता. युक्तिवाद बरोबरच वाटत होता: ग्राहकाने नकार दिला, आता उपकरण त्याला परत न्यायचे आहे, म्हणजे ते नेण्यासाठी तयार आहे. बैठकीत काउंटरवर काम करणाऱ्या एक बाई तो बाण बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "तयार झाल्यावर आपण 'तुमचे उपकरण दुरुस्त झाले आहे' असा मेसेज पाठवतो ना? मग नकार दिलेल्या माणसालाही तोच जाईल." एकाच शब्दाखाली दोन गोष्टी दडल्या होत्या. "दुरुस्त झाले" हा कामाचा निकाल होता आणि "नेण्यासाठी तयार" ही अवस्था होती. आम्ही अवस्थेचे नाव "परत देण्यास तयार" केले आणि निकाल ही जॉबची स्वतंत्र नोंद ठेवली: दुरुस्त, दुरुस्त न करता, दुरुस्ती अशक्य. मेसेजचा मजकूर निकालावरून ठरू लागला. हा दोष व्हाइटबोर्डवर सापडला म्हणून दुरुस्त करायला एक रेघ पुसावी लागली.

अवस्थांची नावे पक्की झाल्यावर ज्या अवस्थांच्या नावात "प्रतीक्षा" आहे त्यांच्याकडे परत जावे. ग्राहक, पुरवठादार किंवा अन्य कोणावर अवलंबून असलेल्या प्रत्येक अवस्थेतून काळाने बाहेर पडणारा एक बाण हवा: इतके दिवस उत्तर आले नाही तर स्मरणपत्र, आणखी इतके दिवस गेले तर जॉब बंद. "परत देण्यास तयार" हीसुद्धा प्रतीक्षाच आहे, नावात तो शब्द नसला तरी. मुदत किती असावी हे आपण ठरवायचे नसते, पण ती कोणीतरी ठरवली पाहिजे हे दाखवून देणे आपले काम असते.

पायरी ६: हिऱ्यांची गर्दी झाली की तक्ता वापरा

प्रवाहाच्या आकृतीत एकापाठोपाठ तीन-चार निर्णयाचे हिरे आले, की तेथे प्रवाह संपून नियम सुरू झालेला असतो, आणि नियमासाठी डिसिजन टेबल हे योग्य साधन आहे. समजा, दुरुस्ती मोफत की सशुल्क हे तीन गोष्टींवर ठरते: वॉरंटी चालू आहे का, पडल्याच्या किंवा पाणी शिरल्याच्या खुणा आहेत का, आणि मागच्या दुरुस्तीनंतर ठरलेल्या मुदतीत तोच दोष पुन्हा आला आहे का. होय-नाहीच्या तीन अटी म्हणजे आठ जोड्या, त्यांचे आठ स्तंभ. वरच्या भागात अटींची उत्तरे, खालच्या भागात करायची कृती. वॉरंटी चालू, खुणा नाहीत, हा स्तंभ कोणीही भरून देते. वॉरंटी संपलेली, पाणी शिरल्याच्या खुणा आहेत, आणि तरीही आम्हीच दुरुस्त केलेला दोष परत आला आहे, या स्तंभाशी आल्यावर खोलीतील दोन माणसे दोन वेगळी उत्तरे देतात. दोघेही आपापल्या परीने आजवर तसेच वागत आलेले असतात. असा मतभेद सापडला, तर त्या दिवसाची बैठक कारणी लागली.

अटी वाढल्या की स्तंभ दुपटीने वाढतात, पाच अटींना ३२ होतात. अशा वेळी ज्या स्तंभांत एखाद्या अटीच्या उत्तराने काहीच फरक पडत नाही, ते एकत्र करून त्या जागी आडवी रेघ द्यावी. मात्र सुरुवातीला सर्व स्तंभ एकदा तरी लिहून पाहावेत.

पायरी ७: यूज केस आणि वायरफ्रेम

यूज केस म्हणजे सिस्टीमच्या मदतीने कोणी पार पाडायचे एक काम. यूज केसच्या आकृतीत, म्हणजे माणसाचे चिन्ह आणि त्याला जोडलेली लंबवर्तुळे यांत, कोण कोणती कामे करू शकतो याची यादी एका नजरेत दिसते. व्याप्ती ठरवताना तिचा उपयोग होतो, त्यापलीकडे ती फार काही सांगत नाही. खरी माहिती यूज केसच्या लिखित पायऱ्यांत असते. स्क्रीनची कच्ची आखणी, म्हणजे वायरफ्रेम, शेवटी काढावी आणि हातानेच काढावी. ती लवकर दाखवली, की चर्चा बटण कुठे असावे आणि रंग कोणता असावा याकडे वळते, आणि "रद्द केल्यावर पार्टचे काय?" हा प्रश्न पुन्हा कोणी विचारत नाही.

पायरी ८: आकृत्या एकमेकींशी ताडून पाहा

प्रत्येक आकृती स्वतंत्रपणे बरोबर वाटली तरी सर्व आकृत्या एकमेकींशी जुळतात का, हे पाहण्यासाठी वेगळा वेळ काढावा. नवखे लोक ही पायरी गाळतात, आणि मला स्वतःला सर्वाधिक चुका येथेच सापडल्या आहेत. अवस्थांच्या आकृतीतील प्रत्येक बाण घ्यावा आणि तो बदल घडवणारी चौकट प्रवाहात शोधावी. "नकार आला" हा बाण अवस्थांत आहे आणि प्रवाहात नकार नोंदवणारे कोणीच नाही, असे आढळले, तर ते काम करणारा माणूस आणि ती नोंद करण्याची सोय, दोन्ही राहून गेल्या आहेत. सीमेच्या आकृतीतील प्रत्येक बाणावरची माहिती शब्दांच्या आकृतीत कुठेतरी साठली पाहिजे, किंवा ती का साठवायची नाही याचे कारण सांगता आले पाहिजे. शब्दांच्या आकृतीतील प्रत्येक चौकटीबद्दल विचारावे: ही नोंद कोण तयार करतो, कोण बदलतो, कोण फक्त पाहतो आणि कोण काढून टाकतो? ज्या नोंदीला जन्म देणारे कोणीच सापडत नाही, ती बहुधा दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून येते आणि तसे असेल, तर सीमेच्या आकृतीत एक चौकट कमी आहे.

पायरी ९: आकृती लोकांकडून वाचून घ्या

आपण आकृती समजावून सांगितली, की ऐकणारे "बरोबर आहे" म्हणतात, आणि त्या होकाराला फारसा अर्थ नसतो. आकृती त्यांच्याकडे द्यावी आणि त्यांनाच ती सांगायला लावावे. सोबत जुन्या, खऱ्या जॉब शीट घ्याव्यात: दोन सरळ पार पडलेल्या, एक तक्रार झालेली, एक अनेक महिने पडून राहिलेली. ग्राहकांची नावे व फोन नंबर झाकून प्रत्येक जॉब आकृतीवर बोट ठेवून सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालवावा. बोट जिथे अडते किंवा बाण नसलेल्या जागी उडी मारते, तिथे आकृती चुकलेली असते. अशा वेळी मार्कर त्यांच्याच हातात द्यावा. एकदा कोणी स्वतः रेघ काढली, की ती आकृती त्यांचीही होते आणि नंतर आठवलेले अपवाद ते आपणहून कळवतात.

बैठकीला फक्त अधिकारी येत असतील, तर प्रत्यक्ष काम करणाऱ्या किमान एका व्यक्तीला बोलवावे, असा आग्रह धरावा. अधिकारी काम कसे व्हावे ते सांगतात आणि ते प्रत्यक्षात कसे होते हे काउंटरवरच माहीत असते. दोन्ही ऐकल्याशिवाय आकृती पूर्ण होत नाही.

पायरी १०: आकृतीतून लिखित आवश्यकता आणि पुढील जतन

आकृती हा करार नव्हे. तिच्यावरून क्रमांक दिलेली वाक्ये लिहावी लागतात, आणि आता ती लिहिणे सोपे असते, कारण तक्त्यातील जवळपास प्रत्येक भरलेला रकाना एक वाक्य देतो: "जॉब 'मंजुरीच्या प्रतीक्षेत' असताना ग्राहकाचा नकार नोंदवला गेल्यास, सिस्टीमने जॉबचा निकाल 'दुरुस्त न करता' असा नोंदवून जॉब 'परत देण्यास तयार' या अवस्थेत न्यावा." टेस्टरला हेच वाक्य चाचणी म्हणून वापरता येते आणि "शक्य नाही" लिहिलेले रकाने नकारात्मक, म्हणजे जे होऊ नये ते होत नाही ना हे पाहणाऱ्या, चाचण्या होतात. आकृतीतील बाणाला आणि वाक्याला एकच क्रमांक द्यावा, म्हणजे एक बदलल्यावर दुसरे शोधावे लागत नाही. स्क्रीन किती वेळात उघडावी, एकाच वेळी किती जण काम करतील, नोंदी किती वर्षे ठेवायच्या, कोणाला काय दिसू नये, या गोष्टी वरीलपैकी कोणत्याही आकृतीत नैसर्गिकपणे येत नाहीत. त्यांची यादी पहिल्या दिवसापासून वेगळ्या कागदावर चालू ठेवावी.

व्हाइटबोर्ड पुसण्याआधी त्याचा फोटो घ्यावा, आकृतीवर तारीख आणि उपस्थितांची नावे लिहावीत आणि न सुटलेली प्रश्नचिन्हे तशीच ठेवावीत. स्थिरावलेल्या आकृत्या प्लांटयूएमएल किंवा मर्मेड यांसारख्या, मजकुरावरून आकृती तयार करणाऱ्या साधनांत उतरवल्या, तर त्या कोडबरोबरच साठवता येतात आणि कोणत्या आवृत्तीत कोणता बाण बदलला हेही दिसते. सगळ्याच आकृत्या जपण्याचा हट्ट धरू नये. आजच्या कामाचा प्रवाह दाखवणारी आकृती नवी सिस्टीम सुरू झाल्यावर बाजूला ठेवावी आणि वायरफ्रेम खरी स्क्रीन आली की टाकून द्याव्यात. अवस्थांचा तक्ता, नियमांचा तक्ता आणि शब्दांच्या व्याख्या मात्र अद्ययावत ठेवाव्यात, कारण वर्षभराने "हप्त्याने पैसे भरण्याची सोय हवी" अशी मागणी आली, की आपण तोच ५६ रकान्यांचा तक्ता काढून त्याला "हप्ता चुकला" या घटनेचा नववा स्तंभ जोडतो आणि सात नवे रकाने घेऊन पुन्हा काउंटरवरच्या माणसांसमोर जाऊन बसतो.